दुसऱ्या ठोशाबद्दल

प्रिय निखिल,

तुझा फोटो मी पहाटे चार वाजता पाहिला. वॉर्ड जरा निवांत झाला होता, म्हणून फोन हातात घेतला. खाली तू लिहिलं होतंस, "हाताला थोडं लागलंय, काळजी करू नकोस, मी स्वतःला वाचवत होतो." फोटो तू आईला पाठवलास, पण पाहिला नर्सने. त्याला इलाज नाही.

मूठ वळली की मधल्या बोटाच्या मुळाशी जे हाड वर येतं, त्यावर तुला एक चीर आहे. जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. ती दाताची आहे. असल्या चिरा मी दर शनिवारी रात्री पाहते. मूठ आवळलेली असताना दात थेट सांध्यापर्यंत जाऊ शकतो. मग बोटं सरळ केली की कातडी सरकते, भोक झाकलं जातं आणि तोंडातले जंतू आत कोंडून राहतात. वरून काहीच वाटत नाही. दोन दिवसांनी तोच हात भोपळ्यासारखा सुजवून आलेली पोरं मी थेट ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना पाहिली आहेत. तेव्हा आधी हे: पत्र पुरं वाचायच्या आत कॅज्युअल्टीत जा. एक्स-रे, जखम आतून धुणं, अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन. फार्मसीतून गोंद आणून चीर चिकटवू नकोस, अशी जखम बहुतेक वेळा उघडीच ठेवतात. आणि कसं लागलं विचारतील, तेव्हा 'दारात बोट सापडलं' म्हणू नकोस. कुणाच्या तरी दातावर आपटलं, एवढं सांग. आम्हाला ते तसंही कळतं.

आता दुसरं. त्याच फोटोत करंगळीखालचं हाड बसल्यासारखं दिसतंय आणि तिथे वेगळीच सूज आहे. ठोसा नीट न बसता कवटीवर किंवा जबड्याच्या हाडावर घसरला की असं होतं. एकाच ठोशात दोन्ही होऊ शकतं, मी नाही म्हणत नाही. पण फोनवर तू तीनदा म्हणालास, "आई, एकच मारला." मी विचारलं नव्हतं तरी तीनदा.

तू सांगितलंस ते असं: मॅच संपली, तुम्ही कार पार्कमध्ये आलात, त्यांच्या डिफेंडरने तुझ्या रंगावरून घाण बोलायला सुरुवात केली, मग जर्सीची कॉलर धरून तुला गाडीवर ढकललं, आणि तू मारलंस. त्याच्या ओठाला टाके पडले. आता पोलिसांनी तुला 'स्वेच्छेने' जबाब द्यायला बोलावलंय. आणि तुझ्या त्या मित्राने सल्ला दिला, "सेल्फ-डिफेन्स म्हण, विषय संपला. जेरार्डसुद्धा सुटला की."

जेरार्ड, म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल संघाचा तेव्हाचा कॅप्टन, कसा सुटला ते तुझ्या मित्राला माहीत नसणार. तेव्हा तुझा मित्र तुझ्यासारखाच तीन वर्षांचा असेल. मला माहीत आहे, कारण 2009 च्या त्या उन्हाळ्यात आपण लिव्हरपूलजवळच राहत होतो आणि आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. लिव्हरपूलच्या लाल संघाच्या चाहत्या एकीकडे, एव्हर्टनच्या निळ्या संघाच्या दुसरीकडे. खटल्याचा कागद न पाहताच निम्म्या जणींनी निकाल देऊन टाकला होता.

28 डिसेंबर 2008 ला लिव्हरपूलने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर 5-1 हरवलं. त्यातले दोन गोल कॅप्टन जेरार्डचे. रात्री मित्रांबरोबर तो साउथपोर्टच्या एका बारमध्ये गेला. तिथे गाणी कोणी लावायची यावरून एका गिऱ्हाइकाशी वाजलं. वाद एवढ्याशा गोष्टीवरून. जेरार्डच्या एका मित्राने त्या माणसाच्या तोंडावर कोपर मारलं आणि पुढच्या काही सेकंदांत जेरार्डनेही ठोसे लगावले. शेवटी खटला उभा राहिला तो 'अफ्रे'चा, म्हणजे बघणाऱ्याला धडकी भरेल अशी मारामारी केल्याचा. 1986 च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टखाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बरोबरच्या मित्रांनी आपापले गुन्हे कबूल केले. जेरार्ड लिव्हरपूल क्राउन कोर्टात ज्युरीपुढे उभा राहिला, ठोसे मारल्याचं त्याने मान्य केलं, आणि सांगितलं की हा माणूस माझ्यावर चालून येतोय असं मला त्या क्षणी वाटलं. ते माझं चुकलं, हे मला नंतर कळलं. 24 जुलैला ज्युरीने तासाभरात त्याला निर्दोष सोडलं.

आता यातलं तुझ्या मित्राने काय उचललं? 'सुटला' एवढंच. मला मात्र लक्षात राहिलं ते हे, की त्याने मारलं ते मारलं म्हटलं. बारमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण कोर्टात पुन्हा पुन्हा दाखवत होते. "एकच मारला" म्हणायची सोयच नव्हती. तुमच्या कार पार्कमध्येही खांबावर कॅमेरा असेलच. निदान चार जणांच्या हातात फोन तर नक्कीच होते.

इथला, म्हणजे इंग्लंडचा, कायदा ज्युरीला, किंवा मॅजिस्ट्रेटला, साधारण दोन प्रश्न विचारायला लावतो. पहिला: त्या क्षणी याला काय घडतंय असं खरोखर वाटलं? दुसरा: तसंच घडत असतं, तर याने वापरलेलं बळ रास्त होतं का? हे 2008 च्या क्रिमिनल जस्टिस अँड इमिग्रेशन ॲक्टच्या 76 व्या कलमात लिहिलेलं आहे. पहिल्या प्रश्नात तुझी बाजू बळकट आहे. समज चुकीची असली तरी चालते, ती प्रामाणिक हवी. यावर 1983 चा एक निकाल आहे, ग्लॅडस्टन विल्यम्स नावाच्या माणसाचा. तो बसमधून जात होता. रस्त्यात एक माणूस एका पोराला धरून त्याचा हात पिरगाळताना दिसला, म्हणून हा उतरला, मध्ये पडला, झटापटीत त्या माणसाच्या तोंडावर ठोसा मारला. प्रत्यक्षात ते पोर एका बाईची पर्स हिसकावून पळालं होतं आणि तो माणूस त्याला पकडत होता! विल्यम्सने बसमधून निम्मीच गोष्ट पाहिली होती. खालच्या कोर्टात तो दोषी ठरला, अपिलात सुटला. त्याला जे दिसलं त्यावरून त्याचा न्याय करायचा, असं कोर्ट म्हणालं. एकच पुस्ती: दारूच्या नशेत झालेला गैरसमज चालत नाही. तू मॅचनंतर काही प्यायला होतास का, हे मी विचारलं नाही. वकील विचारेल.

तू आधी हात उचललास म्हणून हक्क जातो असंही नाही. समोरचा मारणारच आहे हे दिसत असताना त्याचा ठोसा तोंडावर बसेपर्यंत थांबायची सक्ती नाही. पळून जायलाच हवं होतं अशीही नाही. फक्त मागे सरता येत होतं का, हे बघतात. आणि कॉलर धरलेला माणूस बळ तराजूत तोलून वापरू शकत नाही, हेही कायद्याने मान्य केलंय. मला हे कलम फार माणुसकीचं वाटतं. कुणी तरी खरंच मार खाल्लेला माणूस ते लिहिताना खोलीत असावा.

पण दुसरा प्रश्न प्रत्येक ठोशाला वेगळा लागतो, निखिल. त्याने कॉलर धरली आहे, तुझी पाठ गाडीला टेकली आहे, तेव्हाचा ठोसा एक. कॉलर सुटली, त्याचे दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर गेले, तो वाकला, त्यानंतरचा ठोसा दुसरा. पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या मध्ये अर्धा सेकंद असेल. त्या अर्ध्या सेकंदात धोका संपला असेल आणि ते तुला दिसलं असेल, तर पुढचा ठोसा बचावाचा उरत नाही. मग तो शारीरिक दुखापतीच्या गुन्ह्यांवरच्या 1861 च्या कायद्याच्या 47 व्या कलमात बसतो. टाक्यांपुरती दुखापत झाली तरी त्याला पाच वर्षांपर्यंतची तरतूद आहे. एवढी शिक्षा पहिल्या गुन्ह्याला कोणी देत नाही, पण नोंद राहते. आणि तुला शाळेत शिकवायचंय.

शिव्यांचं मात्र वेगळं आहे. तो जे बोलला ते ऐकून तुझे बाबा अर्धा तास गच्चीत जाऊन उभे राहिले होते. मीही हे थंड डोक्याने लिहितेय असं समजू नकोस. पण शिवी म्हणजे हल्ला नव्हे. मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाचं घे. 25 जानेवारी 1995 ला लंडनच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर तो लाल कार्ड मिळून बाहेर जात असताना प्रेक्षकांतला एक जण त्याला घाण शिव्या देत होता, म्हणून त्याने कठड्यावरून झेपावत लाथ घातली. मॅजिस्ट्रेटने दोन आठवड्यांची कैद सुनावली होती. अपिलात ती 120 तासांच्या समाजसेवेवर आली, पण सप्टेंबरअखेरपर्यंत फुटबॉल बंद. बचावाचा मुद्दा तिथे कुठून येणार? शिव्यांचा उपयोग झाला तर शिक्षा कमी करायला होतो, गुन्हा पुसायला नाही. म्हणून ती शिवीगाळ तुझ्या जबाबात कारण म्हणून मांडू नकोस, त्याची स्वतंत्र तक्रार दे. वंशद्वेषाने केलेल्या शिवीगाळीसाठी इथे वेगळं कलम आहे. क्लबलाही लेखी कळव. ते आपण सोडणार नाही.

बाबांना क्रिकेटशिवाय काही सुचत नाही, तेव्हा ते बेन स्टोक्सवर अडून बसलेत. सप्टेंबर 2017 मध्ये ब्रिस्टलच्या नाइटक्लबबाहेर मारामारी, पुढच्या ऑगस्टमध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं. पण मधल्या काळात ऑस्ट्रेलियातली अख्खी ॲशेस हातची गेली, आणि सुटल्यावरही क्रिकेटच्या शिस्त समितीने आठ सामन्यांची बंदी आणि 30,000 पौंड दंड लावलाच. बंदीचे सामने आधीच चुकले होते, म्हणून भागलं. बाबांना अजून ती ॲशेस हरल्याचंच दुःख जास्त आहे.

मला दुःख कशाचं होतं सांगू? तू म्हणालास, "तो फक्त दोन पावलं मागे गेला." मागे गेला आणि उभा राहिला, म्हणून आपण टाक्यांबद्दल बोलतोय. ठोशाने माणूस सहसा मरत नाही, जमिनीने मरतो. बेसावध माणूस सरळ मागे पडला की हात टेकवत नाही, डोकं आधी आपटतं. असा एक जण आमच्याकडे आला होता. बोलत होता, माझ्याकडे चहा मागत होता. दीड तासाने त्याला हाक मारली तर डोळे उघडेना, एक बाहुली मोठी झालेली. त्याला मारणारं पोरगं बाहेर खुर्चीवर बसलं होतं, हाताला बर्फ धरून, तुझ्याच वयाचं. त्याने खरंच एकच मारला होता.

असो.

आता मुद्द्याचं. पोलिसांकडे एकटा जाऊ नकोस. 'स्वेच्छेने' या शब्दाने फसू नकोस, तो जबाबही ताकीद देऊनच घेतात, आणि तिथेही वकील फुकट मिळतो. मागायला लाजायचं नाही. वकील मागणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. ताकिदीचे शब्द नीट ऐक: गप्प राहायचा हक्क आहे, पण जे नंतर कोर्टात सांगणार ते आता विचारल्यावर सांगितलं नाहीस, तर ते अंगाशी येऊ शकतं. म्हणून काय बोलायचं, काय नाही, हे आधी वकिलाशी बसून ठरव. टीमच्या ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस. लिहिलेलं पुसूही नकोस, पुरावा नाहीसा करणं हा मारामारीपेक्षा मोठा गुन्हा होऊन बसतो. मित्रांशी 'आपण सगळे काय सांगायचं' ही चर्चा तर अजिबात नको. त्यांना जे दिसलं ते सांगू देत.

आणि जर्सी धुऊ नकोस. कॉलर उसवली आहे म्हणालास ना? ती तुझ्या बाजूची साक्षीदार आहे. कागदाच्या पिशवीत घालून ठेव, प्लॅस्टिकच्या नको.

फोटो पाहिल्यापासून तो दुसरा ठोसा माझ्या डोक्यातून जात नाही. झाला का, कधी झाला, कॉलर सुटायच्या आधी की नंतर. पण या पत्रात मी फक्त विचारतेय, उत्तर मागत नाहीये. वकिलाला सांगितलेलं कायद्याने गुपित राहतं, आईला सांगितलेलं राहत नाही. तेव्हा आधी त्याला सांग, सगळं, संख्येसकट. मला नंतर सांगितलंस तरी चालेल.

मंगळवारी सकाळच्या गाडीने मी येतेय, बाबा कामावरून संध्याकाळी पोचतील. अँटिबायोटिक जेवणानंतर घे, आणि हात उशीवर उंच ठेवून झोप.

आई

ता. क. एक्स-रेत करंगळीखालचं हाड मोडलेलं निघालं, तर मला लगेच मेसेज कर.