मंत्रीसाहेब, भुंगे तुम्हीच सोडले आणि तुम्हीच मारले

मा. मंत्रीमहोदय, स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी फवारणीचा टँकर आला आणि आमच्या गायरानातल्या गाजर गवतावर तणनाशक मारून गेला. त्याच गायरानात जुलैत तुमच्याच माणसांनी आमच्या हातून हे गवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यांचे डबे उघडवले होते, फोटो काढले, 'आता औषधाची गरजच नाही' असं भाषणही ठोकलं. पानांवर त्या भुंग्यांच्या पिवळसर अळ्या दिसायला लागल्या होत्या, शेंडे खाल्ल्यामुळे फुलं येणं कमी झालं होतं. आता गवतही करपलं आणि अळ्याही गेल्या. गवत परत उगवेल हो, एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया असतात, अळ्या कुठून आणायच्या?

मी रोज जाऊन बघायचो कारण या गवतामुळे बारा वर्षं खाजतोय. मान, पापण्या, कोपराच्या खोबणी, कातडी जाड काळी झालीय, रात्री बायको उठून मलम लावते, डॉक्टर म्हणतात गवतापासून लांब राहा, म्हणजे शेती सोडा, मग खाऊ काय? गल्लीतल्या दहापैकी सहा घरात तरी हीच रड, मोजलं नाही, पण रात्री ओरबाडल्याचे आवाज येतात.

हा भुंगा १९८४ मध्ये आपल्याकडे सोडला, म्हणजे चाळीस वर्षं होऊन गेली. पावसाळ्यात खातो, पाऊस संपला की मातीत शिरून झोपतो, पुढच्या पावसाला वर येतो, त्याला दोन-चार वर्षं द्यावीच लागतात. ऑस्ट्रेलियात निवडुंगानं सुमारे अडीच कोटी हेक्टर गिळलं होतं, १९२५ ला अर्जेंटिनाहून पतंग आणला आणि त्याच्या अळ्यांनी पुढच्या सात-आठ वर्षांत बहुतेक साफ केलं. आपल्याकडे किड्यानंसुद्धा मार्चएंडच्या आत रिझल्ट द्यायचा!

मी भुंगे देणाऱ्या आणि फवारणी करणाऱ्या अशा दोन्ही ऑफिसांत गेलो. एक म्हणतं भुंगे आमचे पण गायरान आमचं नाही. दुसरं म्हणतं गायरान आमचं पण भुंग्यांचं पत्र आम्हाला आलं नाही. बिलं मात्र दोघांचीही निघाली असणार, आणि असंच सगळं चालतं, शाळेचं काय नि दवाखान्याचं काय, माणूस मधल्या मधे खाजवत बसतो.

भुंगे सोडलेल्या जागी बोर्ड लावा, तिथे फवारणी बंद करा, जूनमध्ये नवे भुंगे द्या, एवढंच. आणि ऑगस्टमधल्या गाजर गवत सप्ताहात फोटोला आलात तर यंदा हातमोजे काढून एक झाड उपटून दाखवा.

आपला,
एक खाजरा मतदार