पावतीवर नाव कुणाचं?

कोल्हापूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारपासून तू महापालिकेच्या चाळीत लोकांचे कागद बघायला बसणार. पहिलाच माणूस विचारेल, "वडील वारले, आता आम्हाला खोलीतनं काढतील का?" लगेच "कोण काढतंय!" म्हणून मोकळी होऊ नकोस. आधी भाडेपावती माग.

भाडेकरू वारला की सोबत राहणारं कुटुंब भाडेकरू ठरतं, हे लोकांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण खासगी मालकाच्या घरापुरतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 3 नं सरकारच्या आणि महापालिकेच्या मालकीच्या जागा वगळल्यात. तिथं सगळं ठरतं ते खोली देताना काढलेल्या वाटप आदेशाच्या अटींवर आणि पुढं खोली कुणाच्या नावावर होते यावर. म्हणून मूळ आदेश बघायचाच. महापुरात ट्रंका भिजल्या, कागद गेले असं बरेचजण सांगतील. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला 30 दिवस. "सगळी माहिती मिळावी" असलं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. खोली क्रमांक घालून वाटप आदेश, करारनामा आणि भाड्याचा उतारा, एवढंच माग.

आदेशात "सेवा निवासस्थान" असेल तर गोष्टच वेगळी. ती खोली नोकरीला जोडलेली. सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीनं नोकरी लागली, म्हणजे खोलीही आलीच असं धरू नये. तिचा अर्ज स्वतंत्र करायचा.

साध्या भाड्याच्या खोलीला नाव लावायचा अर्ज लगेच करायला लावायचा. मृत्यू दाखला, रेशन कार्ड, मतदार यादीचा उतारा, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. अडतं ते शेवटच्या दोन कागदांवर नव्हे, रेशन कार्डावर. लग्न झालं की पोरगा सासुरवाडीच्या किंवा भाड्याच्या पत्त्यावर वेगळं कार्ड काढतो, राहतो मात्र आईबापाजवळच. मग "आम्ही एकत्र होतो" हे दाखवायला कागद उरत नाही. अशा वेळी नातवंडांच्या शाळेतला पत्ता, गॅसचं कार्ड, दवाखान्याचे केसपेपर असं जुन्या तारखांचं काहीही गोळा करायला सांग. लाइट बिल एकटं चालत नाही, ते बहुतेक वारलेल्याच्याच नावावर असतं. बहिणींच्या सह्या मात्र बारावं-तेरावं होताच घ्याव्यात. नंतर भांडणं लागतात, मग कुणी सही करत नाही.

अर्ज पडून आहे म्हणून काहीजण भाडं थांबवतात. हा शुद्ध वेडेपणा. दोन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी आणि परवानगीशिवाय पोटभाडेकरू, ही दोन्ही महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 81ब खाली काढायची कारणं आहेत. पावती वडिलांच्या नावानं फाटली तरी फाटू दे.

नोटीस आली म्हणजे घर गेलं नव्हे. आधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. उत्तर लेखी, आवक शिक्क्याची पोच घेऊन. तोंडी सांगून आलेल्याचं काही धरू नकोस. आदेश निघालाच तर अपील जिल्हा न्यायाधीशांपुढं, म्हणजे कसबा बावड्याला. मुदत आदेश हातात पडल्यापासून धावते, तेव्हा लखोटा जपून ठेवायला सांग. बायका आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

म्हाडाचे कागद आले तर बाजूला ठेव. त्यांचा कायदा वेगळा, मंडळ पुण्याचं. आपण फोनवर बघू.

आणि कुणाचाही ओरिजिनल कागद ठेवून घेऊ नकोस. झेरॉक्स घे, तिच्यावर तारीख टाक.

तुझे बाबा