शिळावर्तुळांची नोंद सातबारावर घ्या : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

शिळावर्तुळांची, म्हणजे प्राचीन काळी गोलाकार रचलेल्या दगडांची तक्रार घेऊन मी पुरातत्त्व खात्याऐवजी आपल्याकडे आलो आहे, कारण हे दगड ज्या वावरांत आहेत त्यांचा कागद आपल्या खात्याकडे असतो.

नागपूरहून काटोल रस्त्याने निघाले की शहराच्या कडेलाच जुनापाणी लागते. तिथल्या माळावर काळ्या, ओबडधोबड दगडांची मोठाली वर्तुळे आहेत. आतला भाग मुरूम-मातीने भरलेला, थोडा उंचावलेला. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंड वापरणाऱ्या लोकांनी ती रचली. हे लोक कोण होते, कोणती भाषा बोलत होते, आपल्याला माहीत नाही. त्यांनी लिहिलेले काहीच मागे राहिलेले नाही. राहिली ती ही वर्तुळे.

काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते पाहायचे तर सकाळी लवकर जावे. ऊन तिरके असते तेव्हा खळग्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात, दुपारी तोच दगड कोरा वाटतो. विद्यार्थ्यांना नेत असे तेव्हा मी त्यांना डोळे मिटून दगडावर बोट फिरवायला सांगायचो. एक खळगा, मग दुसरा, मग तिसरा, सरळ ओळीत. ‘गुरुजी, हे मोजायला केलं असेल का?’ असे एका मुलीने विचारले होते. तिला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही.

हे खळगे 1879 साली रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढे मांडले. तो इथे कापसाच्या कामावर नेमलेला होता. पुढे नागपूर जिल्ह्यातल्या जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे उत्खनने झाली. वर्तुळांखाली माणसांची हाडे, मडकी, लोखंडी हत्यारे मिळाली. माहुरझरीला तर घोडा पुरलेला सापडला, डोक्यावरच्या तांब्याच्या साजासह. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. म्हणजे ही दफने आहेत एवढे कळले. पण दफनच करायचे तर इतके अवजड दगड ओढून आणून वर्तुळ का? खळगे सगळ्याच दगडांवर का नाहीत? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी असे सुचवले आहे की खळग्यांचे दगड वर्तुळात ठरावीक दिशांना बसवलेले असावेत, आणि त्यांचा आकाशाशी, ऋतूंशी संबंध असावा. हे खरे की खोटे, ते आणखी वर्तुळे मोजूनच ठरेल.

साहेब, माझा जीव इथेच तुटतो. दगड जागेवरून हलला की त्याची दिशा गेली. नंतर तो संग्रहालयात नेऊन ठेवला तरी तो काय सांगत होता ते कायमचे पुसले जाते.

जुनापाणीला संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. पण नागपूर जिल्ह्यात अशी कितीतरी वर्तुळे खासगी शेतांत आहेत आणि सातबारावर त्यांचा एका अक्षरानेही उल्लेख नाही. मी वर्षानुवर्षे पाहिलेले एक वर्तुळ गेल्या उन्हाळ्यात शोधायला गेलो, तर तिथे घरांच्या प्लॉटांचा लेआउट पडला होता. जेसीबीने दगड कडेला लोटून दिलेले. खळग्यांचा जो दगड मी ओळखत होतो तो कुंपणाच्या पायात सापडला, अर्धा सिमेंटमध्ये. ज्या शेतकऱ्याने जमीन विकली त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या आजाने, बापाने त्या गोट्यांभोवतून वखर फिरवली, पण गोटे हलवले नाहीत. हे काय आहे, हे त्याला सरकारकडून कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून विनंती अशी. भूमी अभिलेख खात्याने पुरातत्त्व खात्यासोबत गावोगावची वर्तुळे मोजून नकाशावर घ्यावीत आणि सातबाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात ‘शिळावर्तुळ’ अशी नोंद करावी. नोंद झाली म्हणजे जमीन गेली, अशी भीती शेतकऱ्याला वाटणार. ती आधीच, लेखी, दूर करावी. बारा मीटर व्यासाचे वर्तुळ सव्वा गुंठ्यात मावते. मोठ्या लेआउटला दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते, ती वर्तुळाभोवती सोडायला लावली तर कोणाचे फारसे नुकसान नाही. लेआउटला मंजुरी मिळण्याआधी ग्राम महसूल अधिकाऱ्याने (पूर्वीच्या तलाठ्याने) हा रकाना पाहिला, तरी पुष्कळ काम होईल.

माझ्याकडे एक वही आहे. तीत मी पायी फिरून पाहिलेली वर्तुळे, गाव आणि गट क्रमांकासह, लिहून ठेवली आहेत. काही नावांपुढे आता काट मारलेली आहे. पाऊस सुरू होऊन पेरण्या व्हायच्या आत मोजणीदार पाठवा. मी वही घेऊन धुऱ्यापर्यंत सोबत येतो.

आपला,
काटोल रोडवर राहणारा एक निवृत्त शिक्षक
नागपूर