डबी परत करणाऱ्या लॅबमधील ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मला सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार आहे. गेल्या पावसाळ्यात पोटात पुन्हा मुरडा येऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी लगेच दुर्बीण न घालता आधी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करायला सांगितली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी घेऊन मी तुमच्या दारापर्यंत आलो, पण काउंटरवर पाच-सहा माणसे पाहून बाहेरच घुटमळत राहिलो. तुम्ही ते ओळखून मला आतल्या खोलीत बोलावलेत आणि रक्ताची बाटली घ्यावी तितक्या सहजपणे ती डबी हातात घेतलीत.

मग विचारलेत, "काका, इतक्यात दुखण्यावरची काही गोळी घेतलीत का?"

गुडघ्यासाठी मी तीन आठवडे रोज डायक्लोफिनॅक घेत होतो. दुकानातून आणलेली गोळी, म्हणून डॉक्टरांना सांगायचे सुचलेही नव्हते. सुजलेल्या आतड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, त्यांच्यातले कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात सापडते. मात्र अशा वेदनाशामकांनीही आतड्याला इजा होऊन आकडा चढतो, हे तुम्ही शांतपणे समजावलेत, माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावलात आणि नमुना न घेता डबी परत दिलीत. महागडी तपासणी अशी हातची सोडणे सोपे नसते, याची मला जाणीव आहे.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. मुरडा हळूहळू थांबला. महिन्याभराने, तुम्ही सांगितल्याप्रमाणे संडासातले पाणी न लागू देता, सकाळच्या पहिल्या शौचाचा नमुना दिला, तेव्हा आकडा 84 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आला. 50 च्या आत असला तर उत्तम, 250 च्या वर गेला तर आजार बहुधा जागा झालेला; पण त्रास शमलेल्या माझ्यासारख्या रुग्णाला 150 च्या आतला आकडाही दिलासा देणारा असतो, असे डॉक्टर म्हणाले. जंतुसंसर्गात किंवा आतड्याच्या क्षयरोगातही तो वाढतो, म्हणून केवळ आकड्यावरून निदान होत नाही, हेही त्यांनी बजावले. दुर्बीण टळली, स्टेरॉइडही सुरू करावे लागले नाही. पहिलाच नमुना पुढे गेला असता तर काय झाले असते, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

तुमचे मनापासून आभार. पुढचा नमुना दिवाळीनंतर द्यायचा आहे. तो घेऊन थेट काउंटरवर येईन.

आपला नम्र,
एक रुग्ण