बिअर न पिणाऱ्या काकूंचे जाहीर आभार

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

परवा मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "काकूंनी आता दारू गाळायला घेतली म्हणे." सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि मोदकांच्या यादीकडे वळलात. मला नाही हसता आलं. घरी आले, जेवले, भांडी घासली, तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता चारचौघांत मांडते आहे. तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पण टोमणा चारचौघांत मारला, तर आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत.

आधी त्या टोमण्याचा निकाल लावते. दारू गाळतात ती भट्टीवर, आणि परवान्याशिवाय तसं करायला इथे इंग्लंडातही बंदी आहे. बिअर गाळत नाहीत, आंबवतात. विकायची नसेल, घरच्यापुरती असेल, तर इथे १९६३ पासून त्याला परवाना लागत नाही. (महाराष्ट्रातल्या वाचकांनी लगेच बादली आणायला धावू नये. तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय हा उद्योग म्हणजे गुन्हा.) बादली माझी, किट माझं, हौसही माझी. काकूंनी त्या बिअरचा आजवर एक थेंब जिभेवर ठेवलेला नाही, ठेवणारही नाहीत. हे एवढं स्पष्ट झालं की पुढचं सांगायला मी मोकळी.

डर्बीत राहून बिअर करावीशी वाटणं काही जगावेगळं नाही. बर्टन-ऑन-ट्रेंट इथून गाडीने अर्ध्या तासावर. तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथल्या पेल एलला, म्हणजे फिकट रंगाच्या बिअरला, तो कोरडा, कडवट ठसका येतो. एकोणिसाव्या शतकात तिथून पिंपंच्या पिंपं आपल्याकडे मुंबई-कलकत्त्याला जात. ऑफिसातल्यांनी वाढदिवसाला घरी बिअर करायचं तेवीस लिटरचं किट दिलं तेव्हा मलाही वाटलं, बघू या. पत्रकात लिहिलं होतं, बादली उबदार जागी ठेवा. ठेवली जिन्याखालच्या कपाटात. ते पत्रक लिहिणाऱ्याने इंग्लंडचा जानेवारी डोळ्यांसमोर ठेवला असणार. माझा होता जुलै, आणि तोही असा की विटांची घरं दिवसभर ऊन पिऊन रात्रभर ते बाहेर टाकत होती. छताला पंखा नाही, खिडकी वीतभर उघडते.

पहिल्या रात्री झाकणावरचा एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी) इतका बुडबुडत होता की मला वरच्या खोलीत आवाज येत होता. मग एकदम शांत. कपाटाचं दार उघडलं की आंबूस, थोडा गंधकाचा वास. बादलीच्या आत, फेसाच्या वरच्या कडेला, तपकिरी करडा थर.

आता मदतीला कोण कोण आलं ते ऐका. ज्या दुकानातून मी सॅनिटायझर आणि बाटल्या घेतल्या तिथे फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी वाक्य पुरं होऊ न देता सांगितलं, "यीस्ट मेलं. नवं पाकीट घ्या." हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रव किती घट्ट ते मोजणारी तरंगती काचेची नळी) लावून बघू का विचारलं, तर म्हणाले, "पहिल्याच वेळी कशाला त्या भानगडीत पडता, बुडबुड्यांवर लक्ष ठेवा." मंडळातले एक दाढीवाले दादा आहेत, ज्यांच्या घरी बार आहे आणि बारवर दिवे आहेत. त्यांनी फोटो पाहिला आणि निकाल दिला, "बुरशी. ओत मोरीत." मैत्रीण दारातूनच नाक धरून परत गेली. यातल्या एकानेही बादलीला हात लावला नव्हता. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तराचा शेवट तेवीस लिटर फेकून देण्यात किंवा आणखी काहीतरी विकत घेण्यात होत होता.

तुम्ही आलात त्या कारल्याच्या काचऱ्यांचा डबा द्यायला. मी रडवेली दिसले असेन. काय झालं विचारलंत, मी कपाटाकडे बोट केलं. मला वाटलं आता प्रवचन, निदान एक सुस्कारा तरी. तुम्ही हात धुतलेत, पुसलेत आणि तळहात बादलीच्या पोटावर सपाट टेकवलात. बराच वेळ. मग वर, मग खाली, मग पुन्हा मध्ये. म्हणालात, "मेलं कसलं, चांगलं तापलंय. झाकण उघडू नकोस अजून."

काकू, त्या संध्याकाळी मला दिलासा मिळाला तो या वाक्याने नाही, त्या आधीच्या गप्प बसण्याने. तोवर आलेला प्रत्येक जण बोलायला आला होता. तुम्ही आधी हात लावलात.

मग तुम्ही जे केलंत ते मी आता इथल्या नव्या लोकांना शिकवते. वाटीत भांड्यांचा साबण फेसाळवलात आणि झाकणाच्या कडेने बोटाने लावलात, आपण तिकडे गॅसच्या शेगडीची नळी तपासतो त्याच पद्धतीने. एका जागी बारीक बारीक फुगे यायला लागले. वायू तिथून निसटत होता, म्हणून एअरलॉक गप्प होता. यीस्टचा काही संबंधच नव्हता. मोबाइलचा दिवा बादलीच्या बाहेरून लावून तो तपकिरी थर पाहिलात: फेस चढून उतरला की त्याच्या मागे राहिलेली वाळलेली कड. बुरशीला लव असते, याला नव्हती. बादलीवर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर २८ हिरवं झालं होतं, आणि यीस्टच्या पाकिटावर लिहिलेलं होतं १८ ते २१. खोलीत २६ होतं. आंबताना यीस्ट स्वतःची उष्णता तयार करतं, त्यामुळे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंशांनी चढंच राहतं. हे मला पत्रकाने सांगितलं नाही, दुकानाने नाही, दिव्यांच्या बारवाल्यांनी तर नाहीच.

हायड्रोमीटर पाहिल्यावर तुमचा चेहरा खुलला. "अगं, हा तर आमचा लॅक्टोमीटर!" तुमची सगळी नोकरी सरकारी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली, हे मला तेव्हा कळलं. आपली किती वर्षांची ओळख, आणि मी तुम्हाला कायम पुरणपोळीच्या प्रमाणापलीकडे काही विचारलंच नव्हतं. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर खोल बुडतो, इथे साखर संपत जाते तसा हा बुडत जाणार, एवढाच फरक. तोटीतून नमुना काढलात, डोळे पातळीत आणून वाचलंत: १.०१६. लगेच म्हणालात, "हा २० अंशांवर वाचायचा असतो, इथे गरम आहे. दोन वाढवून १.०१८ धर. दुधालाही दुरुस्ती धरावी लागते." सुरुवातीला होतं १.०४२. म्हणजे निम्म्याहून जास्त काम झालेलं. नमुना मी परत बादलीत ओतायला निघाले तर माझं मनगट धरलंत. वास मात्र घेतलात. "हिरव्या सफरचंदाचा येतोय. थांब थोडी, जे केलंय ते यीस्टच परत खाईल." नंतर वाचलं, त्याचं नाव ॲसिटाल्डिहाइड, आणि वेळ दिला की यीस्ट खरोखरच ते परत वापरतं.

पण हे सगळं ज्ञान झालं. ज्ञान कुणाकडूनही मिळालं असतं, जरा शोधलं असतं तर. मी हे पत्र लिहिते आहे ते त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी.

तुम्ही "आले" म्हणून घरी गेलात आणि परत आलात ते काखेत एक सुती साडी घेऊन. फिकट जांभळी, नेसून नेसून मऊ झालेली, काठ जागोजागी विरलेला. बादली आंघोळीच्या टबात ठेवायला लावलीत, चार बोटं पाणी सोडलंत, साडी भिजवून पिळून बादलीभोवती तीन वेढे दिलेत आणि पदर पाण्यात सोडलात. मी म्हटलं, काकू, टॉवेल आहेत की. तर म्हणालात, "टॉवेल पाणी धरून बसतो. यातून पाणी चढतं आणि वाराही जातो." टेबलफॅन समोर लावला. माठ गार राहतो त्याच न्यायाने सकाळी पट्टी २३ वर आली, दुसऱ्या रात्रीपर्यंत २१ वर. बर्फ घालू का विचारलं तर नको म्हणालात, एकदम गार केलं तर यीस्ट काम टाकून तळाशी झोपेल.

जी वस्तू तुम्ही कधी पिणार नाही, जिच्याबद्दल तुमच्या घरात चांगलं बोललं जात नाही, तिच्यासाठी नेसायची साडी. आणि त्यात उपकाराचा आव नाही, "आमच्या वेळी" नाही, "मुलीच्या जातीने" तर नाहीच. (तसंही जुन्या इंग्लंडात एल बहुतेक करून बायकाच करायच्या, घरच्या चुलीवर. दाढीवाल्या दादांना कुणीतरी सांगा.) भला माणूस ओळखायचा कसा यावर लोक काय काय बोलतात. माझ्यापुरतं सांगते: आपल्याला न पटणाऱ्या हौसेतही जो दुसऱ्याचं नुकसान होऊ देत नाही, तो. असे लोक फार बोलत नाहीत, त्यामुळे बैठकांमध्ये उठून दिसत नाहीत.

पुढे रोज सकाळी तुमचा एका शब्दाचा मेसेज: "किती?" मी आकडा पाठवायची. १.०१४. १.०११. १.०१०. पत्रकाने दिलेला बाटल्या भरायचा दिवस कधीच उलटून गेला होता आणि माझे हात शिवशिवत होते. तुम्ही हलू दिलं नाहीत. "आकडा थांबू दे, मग तू." पुन्हा १.०१०. आणखी एकदा १.०१०. तेव्हा परवानगी मिळाली. आता हिशोब कळतो तेव्हा अंगावर काटा येतो: १.०१८ वर असताना भरल्या असत्या, तर उरलेल्या साखरेतून नेहमीच्या बिअरच्या दीडपट-दुप्पट वायू झाला असता, वर फेसासाठी घातलेल्या साखरेचा वेगळा. बंद काचेच्या बाटलीत. जिन्याखाली.

त्याच दिवसांत कधीतरी चहा घेताना तुम्ही म्हणालात, ज्याच्या नावाने आम्ही जन्मभर दूध तापवलं तो पाश्चर आधी वाइन आणि बिअरच्याच मागे लागला होता. मी तपासलं. १८७६ चा त्याचा बिअरवरचा ग्रंथ आहे, आणि दुधाचं पाश्चरीकरण रूढ झालं ते त्यानंतर. तुम्ही हे सहज बोलून गेलात आणि बिस्किट बुडवलंत.

बिअर कशी झाली? चांगली. उत्तम नाही. सुरुवातीच्या त्या गरम रात्रींचा थोडा फळकट वास राहिला आहे, तो जाणार नाही. तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरतो. हिशोबाने ४.२ टक्के. दाढीवाल्या दादांनी दोन बाटल्या रिचवल्या आणि कुठून आणली विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. परवाच्या टोमण्याचा उगम बहुधा तिथेच आहे, तेव्हा तेवढी जबाबदारी माझ्याकडे.

साडी दोनदा धुतली, माल्टचा वास जात नाही. नवी आणू का विचारलं तर तुम्ही विषय बदललात, म्हणून परत विचारत नाही. ऑक्टोबरात जिन्याखाली १८ अंश झाले की पुढची बादली लावणार आहे. हायड्रोमीटर तुम्हीच वाचायचा. आणि तळाचा यीस्टचा गाळ तुम्हाला कंपोस्टसाठी हवा होता ना, तो बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवला आहे, रविवारी आणून देते. बरणीचं झाकण मुद्दाम सैल ठेवलं आहे, काकांना आवळू देऊ नका.

तुमची,
जिन्याखालच्या बादलीची मालकीण