खिसा ओला झालाय, तेवढं पुरे

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत आहे. दिवाळीत पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही डबा आत नेऊन ठेवलात, पोह्यांची बशी पुढे केलीत आणि म्हणालात, "आभारबिभार राहू दे, पुढची गोष्ट कुठाय?" मी तेव्हा गप्प बसलो. पण काल एक फोन आला. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार. दिवाळी अंकात माझी गोष्ट आली होती, गोष्टीखाली नंबर छापतात, तो बघून केलेला. अंक त्यांच्या हातात आत्ता, फेब्रुवारीत पडला होता. आधी गाव विचारलं, मग बाग किती, मग यंदा आमच्याकडे भाव काय निघाला. आणि मग जरा थांबून म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याचापण खिसा भिजला होता ओ." झालं. फोन ठेवला.

मी कंपनीच्या गेटवर होतो, सेकंड शिफ्टला आत जायचं होतं. मागचा पोरगा "दादा, सरका की" म्हणेपर्यंत कार्ड हातात धरून तसाच उभा. घरी सांगून झालं, अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगून झालं. तरी पोटात मावत नाही, म्हणून हे चार लोकांसमोर. रागवा, पण वाचा.

तुम्ही भेटायच्या आधीचं थोडं सांगतो. तुम्हाला मी ते कधी धड सांगितलं नाही, लाज वाटायची.

नाशिकमध्ये लिहायची हौस असणं काही विशेष नाही. कुसुमाग्रजांचं गाव. २७ फेब्रुवारी आली की आमच्या शॉपफ्लोअरच्या ग्रुपवरसुद्धा मराठी भाषेच्या शुभेच्छा पडतात, त्यात निम्म्या अशुद्ध. अशाच एका कार्यक्रमात सत्कार झालेल्या एका मोठ्या लेखकाला मी माझी फाइल दिली होती. सात गोष्टी, हाताने लिहिलेल्या, भोवती सुतळी. ते म्हणाले, वाचून कळवतो. पाच महिन्यांनी मीच आठवण केली तेव्हा फाइल परत मिळाली आणि सल्लाही मिळाला, "अजून वाचन वाढवा." सुतळीची गाठ माझीच होती. आम्ही पोती शिवतो त्या पद्धतीची, ती दुसऱ्या कुणाला तशी परत मारताच येत नाही. न वाचण्याचा मला राग नाही, माणसाला वेळ नसतो. पण न वाचता सल्ला?

मग २०१९ मध्ये पुस्तक काढलं. म्हणजे पैसे देऊन काढून घेतलं. प्रकाशक म्हणवणाऱ्या माणसाने 'पॅकेज' सांगितलं, ४५ हजार, त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकाचे, ३ हजार वेगळे धरलेले. आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो, हे मला तुम्ही सांगितलंत, दोन वर्षांनी. पुस्तक आलं आणि मी पहिलं पान उघडलं. सगळ्या गोष्टी शेतकऱ्यांच्या, आणि सगळ्या पुस्तकात 'शेतकऱ्यांच्या'चं 'शेतकर्यांच्या' झालेलं. फाइल एका फाँटातून दुसऱ्यात गेली आणि तो अर्धा र डोक्यावर जाऊन बसला. प्रूफ कुणी वाचलंच नव्हतं. फोन केला तर म्हणे, "वाचकाला कळतं हो." दोनशे प्रती अजून सिडकोतल्या घरात दिवाणाखाली आहेत. बायको पावसाळ्यात त्यांना डांबरगोळ्या घालते.

त्यानंतर दीड-दोन वर्षं काहीच लिहिलं नाही. रात्री साडेअकराच्या बसमध्ये मोबाइल बघत यायचो. एकदा 'गोष्ट कशी लिहावी' असं टाकलं, तर तीस दिवसांत लेखक करणाऱ्यांची रांगच लागली. त्यातल्या एकाला १,९९९ रुपये भरले. तो आठ व्हिडिओत 'इमोशनल कनेक्ट' एवढंच म्हणाला. आणि मग कुठूनतरी खाली तुमचा व्हिडिओ आला. टेबल, टेबलावर स्टीलचा पेला, आणि नुसता आवाज. २१२ जणांनी पाहिलेला. अकरा मिनिटं तुम्ही 'म्हणाला' या एकाच शब्दावर बोलत होता. नवीन माणूस लिहायला लागला की त्याची पात्रं उद्गारतात, पुटपुटतात, वदतात, विचारते होतात. साधं म्हणत कुणीच नाही, असं काहीतरी. मी घरी आलो, दिवाणाखालचं एक पुस्तक ओढलं आणि 'उद्गारला' मोजत बसलो. एकतीस. त्यातला एक तर बैलाशी बोलताना.

व्हिडिओच्या शेवटी मेल पत्ता होता. मी 'आदरणीय मॅडम'पासून सुरू केलं. दोन दिवसांनी उत्तर: "मॅडम नको, बाई म्हण. पस्तीस वर्षं शाळेत तेच ऐकलंय. गोष्ट पाठव. टाइप केलेली नसेल तर वहीचे फोटो चालतील." पुढे कळलं की तुम्ही राहता नाशिकरोडला. इंटरनेटवर जगभर हिंडून मला माणूस सापडलं ते आमच्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकपलीकडे.

आता ज्यासाठी हे पत्र, ते.

मी गारपिटीची गोष्ट पाठवली होती. २०१४ ची गारपीट, निफाडकडची आमची बाग, घड उतरायला पंधरा दिवस राहिलेले. मला वाटलं होतं, तुम्ही लाल पेनाने खुणा करून पाठवाल. तुम्ही पाठवलात आवाज. चौदा मिनिटांचा. मी बसमध्ये कानात घातला, तर तुम्ही माझी गोष्ट मोठ्याने वाचत होता. पहिल्या ओळीपासून. मागे कुठेतरी नळ चालू होता. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. जिथे वाक्य लांबलं होतं तिथे तुमचा श्वास पुरत नव्हता, ते ऐकू येत होतं. एका ठिकाणी तुम्ही तेच वाक्य तीनदा सुरू केलंत आणि तिन्ही वेळा अडलात. काही बोलला नाहीत. बोलायची गरजच नव्हती, कुठे चुकलंय ते मला बसमध्ये बसल्याबसल्या कळलं.

आणि मग ते आलं: "अण्णांनी एक गार उचलली आणि शर्टाच्या खिशात ठेवली." तिथे तुम्ही थांबलात. मला वाटलं रेकॉर्डिंग तुटलं. मोबाइल हलवून पाहिला. नळही बंद झाला होता. मग कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही एकदम दचकल्यासारख्या म्हणालात, "थांब हं, गॅस बारीक करते." पावलं गेली, पावलं आली. "हं, कुठे होते मी? खिशात ठेवली." आणि ते वाक्य तुम्ही पुन्हा वाचलंत, आधीपेक्षा हळू.

शेवटी एवढंच सांगितलंत: "पुढच्या चार ओळी काढ. त्यांना किती दुःख झालं ते तू समजावून सांगत बसलायस. खिसा ओला झालाय, तेवढं पुरे."

बाई, तो कुकर तुम्हाला कापता आला असता. नाहीतर पुन्हा नीट रेकॉर्ड करता आलं असतं. तुम्ही केलं नाहीत, आणि मी त्या शिट्टीसाठी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. ती नसती तर मला वाटलं असतं की शिकवणारी बाई शिकवतेय. शिट्टीमुळे कळलं की एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून माझी गोष्ट वाचत होती आणि वाचता वाचता कुकर विसरली. सुतळीची गाठ न सोडणारे एकीकडे आणि हे एकीकडे. ते चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग मी अजून जपून ठेवलंय. फोन बदलला तेव्हा आधी ते नव्या फोनवर घेतलं, मग कॉन्टॅक्ट.

बाकीचंही तुम्ही दिलंत, ते भराभर सांगतो. मी 'द्राक्षबागेची मशागत' लिहिलं होतं, तुम्ही विचारलंत, "तुझे वडील हेच म्हणतात का?" नाही म्हणत. ते एप्रिलात खरड छाटणी म्हणतात, ऑक्टोबरात गोडी छाटणी म्हणतात, आणि रोग आला की 'डाऊनी घुसला' म्हणतात, पाहुणा आल्यासारखं. ते सगळं आत आलं आणि गोष्ट उभी राहिली. पैसे देऊन छापायच्या आधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघ, हेही तुमचंच. मंडळाची जुनी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, विश्वकोश घरबसल्या उघडतो, हे मला चाळिशीला आल्यावर कळावं! आणि मोल्सवर्थ. कंपनी सरकारच्या पलटणीतल्या त्या साहेबाचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ ची आवृत्ती शिकागोच्या विद्यापीठाने सगळ्यांसाठी खुली ठेवलीय. शेजारीच दाते-कर्व्यांचा शब्दकोश. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये मी 'गार' शोधला. बर्फाची गार आहेच, पण गार म्हणजे पांढरा दगडही, ज्याला आमची आजी गारगोटी म्हणायची आणि ठिणगी पाडून दाखवायची. अण्णांच्या खिशात दगड गेला असं तुम्हाला वाचताना वाटलं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

कधीकधी वाटतं, तो कोश कुणीतरी पानन् पान बसून चढवला असेल. त्याला निफाडचं नावसुद्धा ठाऊक नसणार. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, मी जातो तिथे काउंटरवरचे गृहस्थ, मी शिफ्टमुळे उशिरा येतो म्हणून हवं ते पुस्तक आधीच काढून ठेवतात. त्यांना मी लिहितो हे माहीतही नाही. १८४० पासून ते वाचनालय चालू आहे, म्हणजे असे किती जण काउंटरमागे बसून गेले असतील. त्यांचे सत्कार होत नाहीत. सत्कार कुणाचे होतात ते मी वर लिहिलंच आहे. जाऊ दे, तुम्ही म्हणाल कडवटपणा गोष्टीत आणू नकोस. गोष्टीत आणत नाही बाई, हे पत्र आहे.

आमच्या टूलरूममध्ये जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मापात बसला नाही की दोन शिक्के असतात, स्क्रॅप आणि रिवर्क. नवीन पोरं घाईत स्क्रॅपचा मारून मोकळी होतात. जुना माणूस जॉब उलटापालटा करून बघतो, नखाने चाचपतो, पुन्हा मशीनवर घेतो. मी हे काम पंधरा वर्षं करतोय, पण माझ्यावर तो दुसरा शिक्का कुणी मारेल असं वाटलं नव्हतं.

पुढची गोष्ट झालीय. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या एका बाईची आहे, 'उद्गारली' एकदाही नाही. मोजलंय. रविवारी मला सुट्टी आहे, अकराच्या सुमारास येतो. यावेळी मीच वाचणार आणि तुम्ही ऐकायचं. अडखळलो तर हसायचं नाही.

आणि अण्णा विचारत होते, बाग उतरायला लागलीय, थॉमसन द्राक्षांची एक पेटी पाठवू म्हणतात. पण तुम्हाला शुगर आहे का, ते आधी विचार म्हणाले. तेवढं कळवा.

तुमचा,
सिडकोतला गारपीटवाला