रोजकीर्द वाचवणाऱ्या भाऊंस

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरत होती ते दिवस. अडत्यांचा हिशेब ठेवणारा आमचा सर्व्हर रात्री साडेअकराला बंद पडला. 200 जीबीची डिस्क गच्च भरलेली, पोस्टग्रेस हा आमचा डेटाबेस सुरूच होईना, आणि सकाळी लिलाव. सगळ्यात फुगलेला फोल्डर होता पीजी-वॉल. लॉगच तर आहेत, उडवून टाकू म्हणून कमांड टाइपही केली होती. एकदा विचारून घ्यावं म्हणून तुम्हाला फोन लावला.

"काय करून राहिला तू? त्या फोल्डरला हात नको लावू!"

भाऊ, त्या एका वाक्याने आमचा डेटा वाचला. ही डेटाबेसची रोजकीर्द आहे, बंद पडल्यावर तो हीच वाचून खाती जुळवतो, हे तुम्ही त्या घाईतही समजावून सांगितलंत. मग जागा कुठून आणायची? डिस्कवर फाइली मांडणारी ईएक्सटी-4 फाइल सिस्टिम रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, 5 टक्के जागा राखून ठेवते, हे मला ठाऊकच नव्हतं. ती 1 टक्क्यावर आणली आणि 8 जीबी मोकळे झाले. पोस्टग्रेस उठला.

खरं दुखणं पुढे सापडलं. दोन महिन्यांपूर्वी आम्ही रिपोर्टचा सर्व्हर काढला, पण त्याचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे त्याने रोजकीर्द कुठवर वाचली याची खूण, तसाच राहिला. तो सर्व्हर कधीतरी येऊन वाचेल म्हणून रोजकीर्दीची 16 एमबीची एकेक फाइल साठत गेली होती. स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला (तोवरचे बदल मूळ फाइलींत उतरवले), डिस्क रिकामी होऊ लागली.

मी वर्षभराच्या जुन्या नोंदी डिलीट केल्या होत्या, तरी जागा का वाढली नाही, हेही तुम्हीच उलगडलंत. डिलीटने ओळी फक्त मृत होतात. व्हॅक्युम ही साफसफाईची कमांड ती जागा त्याच टेबलाला पुन्हा वापरू देतो, फाइल सहसा लहान होत नाही. व्हॅक्युम फुल टेबलाची नवी प्रत लिहितो, त्यासाठी आधी जागा लागते आणि तोवर टेबल कुलूपबंद. म्हणून ते रविवारवर ठेवायला लावलंत. स्लॉट किती वॉल, म्हणजे रोजकीर्दीच्या फाइली, धरून ठेवेल याची मर्यादा पोस्टग्रेसच्या 13 व्या आवृत्तीपासून घालता येते, तीही आता घातली आहे.

मी पासवर्ड देऊ केला, तर "तूच कर, मी ऐकून राहिलो" म्हणालात. अडीचला सर्व्हर सुरू झाला, तरी तुम्ही फोनवरच होतात. चाचणीची पावती छापल्याचा आवाज ऐकलात, तेव्हा ठेवलात. आभार मानायचे तेव्हा राहिले. आज मनापासून मानतो.

तुमचा,
धरमपेठेतल्या ऑफिसातला धाकटा भाऊ